नववा ठोकळा

४ मार्च

दादा,

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला, म्हणून नुसतंच दादा. तीर्थरूप लिहिलं तर तू हसशील आणि प्रिय लिहिलं तर चिडशील. नऊ वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या बहिणीला एवढी सूट दे.

घाबरू नकोस, कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. निव्वळ कामाचं पत्र आहे. तंबूवाल्यांबद्दल एक गोष्ट विचारायची आहे आणि तुझ्याशिवाय विचारावं असं माझ्या ओळखीत कुणी नाही. दिवे लावायला म्हणून तू त्या कसरतीचे खेळ करणाऱ्यांच्या तंबूत गेलास आणि वहिनीशी लग्न करून तिथलाच झालास, त्याला आता वीस वर्षं होतील. मला त्यांचं ओ की ठो कळत नाही.

मी अजून त्याच कार्यालयात आहे, त्याच खोलीत. पंखा तेवढा नवीन आला. मुलांच्या बुद्धीची चाचणी घ्यायची, आकडा काढायचा, आकडा रेषेच्या खाली गेला तर विशेष शाळेची शिफारस करायची. गेल्या महिन्यात गावाबाहेरच्या मैदानावर तंबूवाल्यांचा एक तळ पडलाय. तुमचा नव्हे, दुसरा, पण माणसं तीच, बोलणं तेच. यंदापासून तळावरची मुलंही तपासायची असं ठरलं. नऊ मुलं आली, त्यातली सात रेषेखाली गेली. निवासी शाळेत जागा एकच आहे, म्हणून सगळ्यात कमी गुण जिचे, तिला पाठवायचं. ती आठ वर्षांची मुलगी आहे. तळावर तिला ठिणगी म्हणतात. ३१ तारखेला शाळेची गाडी येऊन तिला घेऊन जाईल, ती पाच वर्षांसाठी. कागदावर माझी सही २८पर्यंत व्हायला हवी.

आता मुद्दा. आमच्याकडे ठोकळ्यांची एक चाचणी आहे. नऊ रंगीत ठोकळे, समोर एक कार्ड, कार्डावर नक्षी. तशीच नक्षी दोन मिनिटांत लावायची. या सातही जणांनी आठ ठोकळे पटापट, बिनचूक लावले आणि नववा माझ्याकडे सरकवून हात मागे बांधून बसली. दोन मिनिटं संपेपर्यंत ढिम्म! नियम असा आहे की परीक्षकाने ठोकळ्याला हात लावायचा नाही, काही बोलायचं नाही. नक्षी अपुरी, गुण शून्य. अशी लागोपाठ चार शून्यं आली की ती चाचणी थांबवायची.

एक मूल असं वागलं तर समजू शकते. सात? ठरवून आल्यासारखी? मी सातही कागदांवर 'काम अर्धवट सोडण्याची सवय' असं लिहिलं खरं, पण मन मानत नाही. ही काय भानगड आहे? तू मला याबद्दल कधी काही बोलला नव्हतास.

दोन ओळी लिही. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

तुझी,
शहाणी
(तूच चिडवायला ठेवलेलं नाव आहे, मी बदललेलं नाही.)


११ मार्च

दादा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण टपालवाला दिसला की मान वर होतेच मेली.

काल तळावर गेले होते. ठिणगीच्या आईची संमतीची सही घ्यायची होती. पोचले तर मोठा तंबू उभा करणं चाललं होतं आणि माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. "बाई, वारा फिरायच्या आत उभा करायचाय, तिकडे बसा," म्हणून मला एका पालथ्या बादलीवर बसवलं. दोन तास बसले. दादा, तू हे आयुष्यभर बघतोयस आणि मला एकदाही बोलावलं नाहीस!

खोटं. बोलावलं होतंस, तीनदा. मीच म्हणाले होते की तिथे धूळ फार असते.

तर काय सांगू. चार मजले उंच दोन खांब, जमिनीवर पसरलेलं मैदानाएवढं कापड, भोवती चोवीस खुंटे आणि चोवीस दोर. पन्नास-साठ माणसं, म्हातारी, बाया, पोरं, सगळी. मला वाटलं आता आरडाओरडा, शिवीगाळ सुरू होणार. आमच्या कार्यालयात एक कपाट हलवायचं तरी केवढा गोंगाट होतो. इथे कुणी चकार शब्द काढेना. मुकादम मधे उभा, उजव्या हाताची दोन बोटं गेलेला, आणि तो नुसता हात वर करायचा किंवा खाली. ते कापड हळूहळू जमिनीवरून उठलं. आधी मधोमध फुगलं, मग कडा सुटल्या, आणि बघता बघता डोक्यावर आभाळाएवढं छत!  

मग मी खुंट्यांकडे बघितलं. तिथे ते दिसलं.

खुंट्याशी एक माणूस दोर गुंडाळतो, गाठ मारतो, आणि शेवटचा वेढा तसाच हातात धरून उभा राहतो. पुरा करत नाही. कुठून तरी दुसरं कुणी येतं, कुणीही, म्हातारी किंवा पोर. ते सगळ्या गाठीवरून बोटं फिरवतं, आणि पसंत पडली तर तो शेवटचा वेढा स्वतः घालून आवळतं. मग पहिला माणूस हात मागे बांधतो आणि पुढच्या खुंट्याला जातो. चोवीस खुंट्यांना हेच. सहा वर्षांचा एक मुलगा एका दोराशी उभा होता, त्याच्याकडे कुणी फिरकायला वेळच झाला नाही. मी घड्याळ लावलं, सवय. सतरा मिनिटं तो दोराचं टोक धरून उभा होता. नाक गळत होतं, ते खांद्याला पुसत होता, पण टोक सोडलं नाही आणि वेढाही घातला नाही.

आठ ठोकळे लावायचे, नववा सरकवायचा, हात मागे.

दादा, माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं. बादलीवर बसले होते म्हणून पडले नाही.

मुकादम हा ठिणगीचा आजोबा निघाला. त्याला विचारलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी पाणी ओलं का असतं ते विचारलंय. "माणूस चुकतो की नाही, बाई? आपली चूक आपल्याला दिसते का? वर माझी पोरं झुल्यावर असतात. एकट्यानं पुरी केलेली गाठ मी कापून टाकतो." मग मला म्हणाला, तुम्ही आमच्या पोरांना तपासता, मी तुम्हाला तपासू का? हातभर दोर दिला, एक लहानसा खुंटा दाखवला, बांधा म्हणाला. मी आपली लहानपणी आईने शिकवलेली गाठ मारली, घट्ट आवळली, आणि ऐटीत वर बघितलं. सगळी पोरं पोट धरून हसायला लागली. "एकटीनंच केलं! एकटीनंच केलं!" ठिणगी तर लोळायची बाकी होती.

शून्य गुण, दादा. तुझ्या शहाणीला शून्य.

सही मी मागितलीच नाही. कागद पिशवीतच ठेवून परत आले.

शहाणी


१५ मार्च

दादा,

आज परत गेले होते. साहेबांना सांगितलं की पालकांशी चर्चा करायची आहे. तशी झालीच चर्चा.

ठिणगीला सगळ्यात कमी गुण का मिळाले ते मला कळलं. बाकीची मोठी पोरं अधूनमधून कुठल्या ना कुठल्या गावच्या शाळेत बसलेली आहेत. मास्तरांना काय हवं असतं याचा त्यांना वास लागलाय. ही एक दिवसही शाळेत गेलेली नाही. ही पूर्ण तळाची. माझ्या प्रश्नांपैकी एक प्रश्न असा होता, 'घरात धूर दिसला तर काय करशील?' मोठ्यांना सांगीन, बाहेर पळेन, असं काहीतरी आलं की दोन गुण. ही म्हणाली, "वारा कुठून आहे?" मी गप्प, नियमाप्रमाणे. ती परत म्हणाली, "सांगा ना, वारा कुठून आहे?" मी कागदावर लिहिलं की उत्तर देण्याऐवजी उलट प्रश्न विचारते. शून्य.

मी हे मुकादमाला सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो गंभीरपणे म्हणाला, "मग? कुठून होता?" कापडाच्या घराला आग लागली तर वाऱ्याच्या कुठल्या बाजूचे दोर आधी तोडायचे आणि माणसं कुठल्या बाजूने काढायची, हे वाऱ्यावर ठरतं. वारा न विचारता जो पळेल तो मरेल आणि चार जणांना घेऊन मरेल. आठ वर्षांच्या पोरीने बरोबर तोच प्रश्न विचारला होता जो विचारायला हवा, आणि मी तिच्यापुढे तोंड शिवून बसले होते.

पण हे काहीच नाही. पुढचं ऐक.

ती मधल्या खांबाशी उभी होती. तळहात खांबाला लावलेला, डोळे मिटलेले, आणि मला वाटलं खेळतेय. तिची आई म्हणाली, दोर बघतेय. डोळे मिटून? हो म्हणे, खांबातून कळतं. मी म्हटलं, असं कसं कळेल. झालं, मुकादमाला तेवढंच निमित्त हवं होतं. तिला तशीच खांबाकडे तोंड करून ठेवली, मला बाहेर नेलं, आणि म्हणाला कुठलाही एक दोर निवडा. मी निवडला. त्याने तो चार बोटं ढिला केला. मी पळत आत आले.

ठिणगीने हात लावला. दोन-तीन वेळा श्वास घेतला. म्हणाली, "सातवा सैल झालाय." बरोबर. मी तोंडात बोट घालणार तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "आणि बाराव्याचा खुंटा बसतोय, खालची माती ओली आहे." बाराव्याला आम्ही हातही लावला नव्हता. मुकादमाचा चेहरा बदलला. तो स्वतः धावला. बाराव्या खुंट्याशी माती उकरली तर खाली ओल. पलीकडच्या पाण्याच्या टाकीतून झिरपत होती. दोन दिवसांत खुंटा उपटला असता. संध्याकाळच्या खेळाला तिथे पाचशे माणसं बसतात.

  त्या एवढ्याशा तळव्याला चोवीस दोर वेगवेगळे कळतात. कोण किती ओढतोय, कुठला दमलाय, कुठला उद्या दगा देईल. तिला विचारलं, कसं कळतं गं? तर म्हणाली, "सगळे एकदम बोलतात, पण आवाज वेगळे आहेत ना." एवढं बोलून ती दुसऱ्या पोरीच्या वेण्या ओढायला पळाली. बावीस वर्षं मी बुद्धी मोजतेय. माझ्या पेटीत अशी एकही वस्तू नाही जी ठेवून हे मोजता येईल. मी आयुष्यभर चमचा घेऊन समुद्राकाठी बसले होते, असं वाटलं.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू याबद्दल कधी बोलला नव्हतास. तू बोलला होतास. नऊ वर्षांपूर्वी, फोनवर. तुझ्या पोराच्या चाचणीचा निकाल लागल्यावर. तू म्हणालास, "अगं, त्याने मुद्दाम ठेवला असेल शेवटचा, आमच्याकडे तसंच असतं, तू पुन्हा घे." आणि मी म्हणाले, "दादा, प्रत्येक बापाला असंच वाटतं. चाचणी ती चाचणी." फोन मीच ठेवला होता.

हे लिहायला मला अकरा दिवस लागले.

शहाणी


२२ मार्च

दादा,

वहिनीचं कार्ड आलं! तू लिहिलं नाहीस, पण वहिनीने लिहिलं. अक्षर अजून तसंच, मोठं मोठं. 'वन्सं, तुमचे दादा पत्रं फाडत नाहीत. मला मोठ्याने वाचायला लावतात, चष्मा सापडत नाही म्हणतात. चष्मा डोक्यावर असतो.' मी कार्यालयात एकटीच हसत बसले, शिपाई डोकावून गेला.

खाली मात्र तिने दोन ओळी लिहिल्यात त्या वाचून हसू मावळलं. 'पोरगा सोळा वर्षांचा झाला. तिकीटघरात बसतो. दोराला हात लावत नाही. म्हणतो, माझं डोकं चालत नाही, कुणाचा जीव जायला नको.'

दादा, मला वाटलं होतं तो ते विसरला असेल. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं. तीन वर्षं तो त्या निवासी शाळेत होता. शाळा वाईट नाही, तिथल्या बाई जीव लावतात पोरांना, ज्यांना तिची गरज आहे त्यांचं सोनं होतं. पण त्याला गरज नव्हती. सात ते दहा, बरोबर जी वर्षं हाताला दोर कळायची असतात तीच त्याची मी तिथे घालवली. तळावर परत आला तेव्हा तो सगळ्यांच्या मागे पडला होता, आणि माझा आकडा खरा ठरला. मीच खरा केला.

इकडची हकीकत. मी ठिणगीची चाचणी परत घेतली, माझ्या पद्धतीने. नववा ठोकळा तिने सरकवला की मी तिच्या नक्षीवरून नजर फिरवायची आणि तो ठेवून द्यायचा. बाराच्या बारा कार्डं! शेवटचं, सगळ्यात अवघड, बावीस सेकंदांत. एकदा मी मुद्दाम ठोकळा उलटा ठेवला. तिने माझ्याकडे असं दया आल्यासारखं बघितलं आणि हळूच म्हणाली, "आजी, परत बघा."

आजी म्हणाली रे मला! मी अजून पन्नाशीची नाही.

हे घेऊन मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही ठोकळ्याला हात लावलात, ही चाचणी बाद. उद्या प्रत्येक जण येऊन म्हणेल आमच्याकडे वेगळी रीत आहे. मग सगळ्यांना एका मापाने मोजायचं कसं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. ते म्हणाले, "मग जे आहे त्यावर सही करा." मी म्हटलं, नाही करणार. बावीस वर्षांत त्यांना पहिल्यांदा नाही म्हणाले. 

आता प्रकरण निवड समितीपुढे गेलंय. २८ला सुनावणी. ठिणगीच्या आईला वाटतंय मी काहीतरी चमत्कार करणार. तिने काल माझा हात धरून सांगितलं, "पोर गेली तर तिचा हात जाईल, बाई." 

शहाणी


२९ मार्च

दादा,

हे पत्र वहिनीला वाचायला देऊ नकोस. चष्मा डोक्यावरून खाली घे आणि तू वाच.

काल सुनावणी झाली. समितीच्या अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश आहेत, कानाला यंत्र लावतात, पण एक शब्द सुटत नाही. मी सगळं सांगितलं. खुंटे, वेढा, धूर, वारा, बारावा दोर. साहेबांनी त्यांचं सांगितलं, नीट सांगितलं, आणि मला दिसत होतं की समितीला तेच पटतंय. तळावर एक म्हातारा काय सांगतो आणि एक परीक्षक हळवी होऊन काय ऐकते, यावर निकाल कसा फिरवायचा? तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "या लोकांतलं मूल तुम्ही यापूर्वी कधी तपासलं होतं का? ही सवय तेव्हाही दिसली होती, असा काही जुना कागद आहे का?"

नाही म्हणता आलं असतं. स्वतःच्या भाच्याची चाचणी घेणं नियमात बसत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. घरचंच काम म्हणून मी घेतली होती. हो म्हटलं तर नोकरीवर बेतणार, हे साहेबांच्या डोळ्यांतही दिसलं. त्यांनी मान किंचित हलवली, नको म्हणून. पण ठिणगीची आई दाराशी बसली होती.

मी म्हटलं, हो. माझा भाचा.

जुन्या फायलींच्या खोलीतून कागद यायला वीस मिनिटं लागली. मी नऊ वर्षं तो कागद उघडला नव्हता. अध्यक्षबाई म्हणाल्या, तुम्हीच वाचा, अक्षर तुमचं आहे.

पहिलं कार्ड, आठ ठोकळे, नववा सरकवला, शून्य. दुसरं तसंच. तिसरं तसंच. तिथे मी शेजारी लिहिलं होतं, 'परीक्षकाचा हात धरून ठोकळ्याकडे ओढतो. हात सोडवून घेतला.' चौथं कार्ड, शून्य. चार शून्यं झाली, चाचणी संपली, आकडा तिथेच ठरला. पण तो म्हणाला होता, "अजून एक दे ना, आत्या." मला आठवलं ते. म्हणून मी खेळ म्हणून उरलेली आठही कार्डं त्याला दिली होती, आणि सवयीने कागदाच्या मागच्या बाजूला वेळ टिपत गेले होते. ते गुणात धरायचं नसतं. मी कधी परत बघितलंही नव्हतं.

कागद उलटला. पाचवं कार्ड, पूर्ण. सहावं, पूर्ण. सातवं, आठवं, बारापर्यंत सगळी पूर्ण. नऊच्या नऊ ठोकळे, आणि वेळ अशी की आमच्या तक्त्यात वरच्या रांगेतही बसत नाही. आणि प्रत्येक कार्डापुढे माझ्या सुबक अक्षरात एकच शेरा, आठ वेळा. 'आठ ठोकळे लावून जागेवरून उठतो. टेबलाला वळसा घालून परीक्षकाच्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहतो. तिथून नक्षी बघतो व शेवटचा ठोकळा ठेवतो. परत जागेवर जातो.' खाली निष्कर्ष लिहिला होता, चंचल, एका जागी बसू शकत नाही.

दादा, मला पुढे वाचता येईना. 

त्याला कळलं होतं रे. सात वर्षांच्या पोराला चार कार्डांत कळलं की ही आत्या काही हात लावणार नाही. आपली रीत मोडायची नाही आणि आत्याचंही काम अडू द्यायचं नाही, म्हणून त्याने स्वतःच उठून माझ्या बाजूला यायचं ठरवलं. माझ्या जागेवरून आपलंच काम दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासलं आणि मग नववा ठेवला. आठदा उठला, आठदा वळसा घातला. मी त्याच्याहून हातभर उंच आणि तीसेक वर्षांनी मोठी, खुर्चीत बसून तो किती वेळा उठतो ते मोजत होते. असं उत्तर मला बावीस वर्षांत कुणी दिलेलं नाही. मोठ्या माणसानेही नाही. माझा भाचा, दादा! आणि त्याच्या कागदावर मी बुद्धीचा आकडा एकसष्ट लिहिला, रेषेच्या खाली.

अध्यक्षबाईंनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, डोळे पुसले, परत घातलं. मग साहेबांना एवढंच विचारलं, "यावर काही?" साहेब म्हणाले, "नाही." ठिणगीची शिफारस रद्द झाली. बाकीच्या सहा मुलांचे कागदही परत मागवलेत. ३१ला गाडी तिच्याशिवाय जाईल. तिच्या आईला मी बाहेर येऊन सांगितलं तर ती माझ्या गळ्यातच पडली, आणि ठिणगी मागून म्हणाली, "आजी रडतायत का?"

माझं काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे वहिनी काळजी करणार नाही. नात्यातल्या मुलाची चाचणी घेतल्याबद्दल चौकशी लागलीय आणि ती संपेपर्यंत मी चाचण्या घ्यायच्या नाहीत. हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्या कागदाच्या दोन्ही बाजूंची नक्कल मी अर्ज करून मागून घेतली. शिक्का मारलेली आहे, माझ्या पिशवीत आहे. तुला पाठवत नाही. तो कागद त्याचा आहे. त्याने तो स्वतःच्या हातात धरून, मागची बाजू उलटून वाचायला हवा, आणि तेव्हा मी समोर असायला हवी. त्याने मला वाटेल ते बोलावं. तिकीटघराची खिडकी तोंडावर लावून घेतली तरी चालेल, मी बाहेर उभी राहीन.

म्हणून त्याला तू काही सांगू नकोस, दादा. एवढं एकच मागते. चूक माझी होती हे त्याने माझ्या तोंडून ऐकू दे. शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, दुपारपर्यंत तुमच्या मैदानावर पोचेन.

तुझी बहीण